कपाटस्थ पृथ्वी : एका प्राथमिक शाळेतील शैक्षणिक साहित्याचा उत्खनन-अहवाल

मराठी संशोधकांनी ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर पिढ्या खर्ची घातल्या, पेशवे दप्तरातले मोडी रुमाल सोडून पुन्हा बांधले, इनामगावच्या पांढरीच्या टेकाडातून ताम्रपाषाणयुगातली घरे वर काढली. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या पत्र्याच्या कपाटाकडे मात्र या विद्वानांपैकी कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. वास्तविक हे कपाट तिसरी-चौथीच्या वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उघड्यावर उभे असते. त्याच्यासाठी कुदळ-फावडे लागत नाही, खणायचा परवाना लागत नाही, लागते ती फक्त चावी. या विषयावर संशोधन का झाले नाही याचे उत्तर त्या चावीतच असावे असा आमचा संशय आहे. त्याचा परामर्श यथास्थळी घेऊ.

प्रस्तुत अहवाल पालघर जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेच्या कपाटावर आधारलेला आहे. शाळेचे नाव देत नाही. संशोधनाची नीती हे त्याचे एक कारण. दुसरे आणि खरे कारण म्हणजे मुख्याध्यापकांनी चहा पुढे करता करता केलेली विनंती : “नाव तेवढं टाकू नका. उगाच कोणीतरी तपासणीला यायचं.”

आता परिभाषा. शास्त्राचा आरंभ लक्षणाने करावा आणि ते लक्षण अव्याप्ती, अतिव्याप्ती व असंभव या तीन दोषांपासून मुक्त असावे, अशी नैयायिकांची शिस्त आहे. तेव्हा शैक्षणिक साहित्य म्हणजे काय? पहिला पक्ष बालशिक्षणवाल्यांचा. ते म्हणतात, मुलाने हाताळले असता त्याला ज्यातून काही कळते ते शैक्षणिक साहित्य. ऐकायला गोड आहे. पण हे लक्षण मान्य केले तर कपाटातला पृथ्वीगोल साहित्यातून बाद होतो, कारण त्याला मुलाचा हात लागलेलाच नाही. ही अव्याप्ती. दुसरा पक्ष कचेरीतला : ज्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला आहे ते शैक्षणिक साहित्य. पण डेडस्टॉकला खुर्च्या आहेत, पाण्याचा पिंप आहे, खुद्द ते कपाटही आहे. ही अतिव्याप्ती. तेव्हा एखादा समन्वयवादी पंडित पुढे येऊन म्हणेल की, जे डेडस्टॉकलाही आहे आणि मुलांच्या हातातही आहे, ते साहित्य. हा असंभव दोष होय.

म्हणून आम्ही व्यवहारापुरते चौथे लक्षण स्वीकारले आहे. साहेब येणार असा निरोप आल्यावर जे टेबलावर मांडले जाते, ते शैक्षणिक साहित्य. या लक्षणात तिन्हींपैकी एकही दोष आम्हांला सापडला नाही.

उत्खनन वरून खाली होते, कालक्रम खालून वर सांगायचा असतो. सर्वांत खालच्या खणात जो थर लागला तो खडू-फळा मोहिमेचा. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापाठोपाठ १९८७ साली केंद्र सरकारने ही मोहीम काढली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक, त्यांतली शक्यतो एक बाई, आणि शिकवायला लागणारे किमान साहित्य, असा तिचा मामला होता. त्या किमान साहित्याच्या यादीत नकाशे होते, प्लॅस्टिकचा पृथ्वीगोल होता, विज्ञानपेटी, गणितपेटी, हत्यारांची छोटी पेटी आणि खेळणी होती, आणि वाद्येही होती. सरकारी यादीत ढोलकी आणि हार्मोनियम घालणाऱ्या त्या अज्ञात माणसाबद्दल आम्हांला नितांत आदर आहे. हार्मोनियमचा भाता उंदरांनी खाल्ला आहे. ढोलकी मात्र कपाटात नाही. चौकशी केली असता कळले की ती सप्ताहात भजनी मंडळाकडे जाते, परत येते, लग्नसराईत पुन्हा जाते. तिची पाने गावाने आपल्या खर्चाने बदलली आहेत आणि ती आजही कडक वाजते. वाचकांनी ही नोंद लक्षात ठेवावी. तिच्यातून पुढे फार मोठा सिद्धान्त निघणार आहे.

याच थरात पृथ्वी सापडली.

तिचे वर्णन थोडे सविस्तर करणे भाग आहे. पृथ्वी मूळच्या पॉलिथिनच्या पिशवीत आहे आणि पिशवीचे तोंड सुतळीने बांधलेले आहे. पिशवीवर धुळीचा थर आहे, तो उत्तर ध्रुवावर जाड आणि खाली विरळ. दुष्काळी भागांत धूळ जास्त असते हा भूगोलातला समज या पृथ्वीला लागू नाही. गोल दोन अर्धगोल विषुववृत्तावर चिकटवून केलेला आहे. पत्र्याच्या कपाटातल्या मे महिन्यांनी त्या सांध्याचा डिंक हळूहळू सुटला असून केनियाच्या आसपास नखभर फट पडली आहे. तिला डोळा लावून आम्ही पृथ्वीच्या अंतरंगाचे निरीक्षण केले. प्रावरण, गाभा वगैरे काही आढळले नाही. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असतो आणि त्यामुळे ऋतू होतात, हे शाळेत सांगितले जाते. या पृथ्वीवर गणितपेटी ठेवली गेल्याने तिची कमान वाकली असून आस जवळजवळ सरळ झाला आहे. म्हणजे या कपाटात किती वर्षांपासून ऋतू बंद आहेत, याचा हिशेब जाणकारांनी करावा.

दुसरा थर विरळ आहे. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली, तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून दिसू लागले, आणि केंद्राच्या योजनेतून काही शाळांना रंगीत दूरदर्शन संच आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर मिळाले. २०१७मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. आमच्या कपाटात या युगाचा अवशेष म्हणजे संचाच्या खोक्यातला थर्माकोलचा साचा आणि त्यात खोचलेले वॉरंटी कार्ड. कार्ड कोरे आहे. ते भरून पाठवायचे कोणी यावर निर्णय झाला नसावा.

तिसरा थर सर्वांत जाड आणि रंगीबेरंगी आहे. २००१ साली सर्व शिक्षा अभियान आले आणि त्याबरोबर साहित्यनिर्मितीसाठी दरवर्षी प्रत्येक शिक्षकामागे ५०० रुपयांचे अनुदान आले. हा काळ कार्डशीट, स्केचपेन आणि फेव्हिकॉलचा सुवर्णकाळ होय. केंद्रशाळेत कार्यशाळा होत, साहित्याची प्रदर्शने भरत, पहिला-दुसरा नंबर निघे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे या युगाचे ब्रीद. त्यातला एक सूक्ष्म पेच अभ्यासकांच्या नजरेतून निसटलेला आहे. टाकाऊ वस्तू ऐनवेळी मिळत नसे. मग आइस्क्रीमच्या काड्या गठ्ठ्याने विकत आणाव्या लागत, कोऱ्या बांगड्या आणाव्या लागत, आणि त्या टाकाऊ दिसाव्यात म्हणून त्यांवर कष्ट घ्यावे लागत. टिकाऊपणाबद्दल मात्र वाद नाही. थर्माकोलचा ज्वालामुखी, फिरत्या चकतीवरची जोडाक्षरे, पुठ्ठ्याचे घड्याळ हे सारे जसेच्या तसे आहे. घड्याळाचे काटे सव्वादहावर आहेत. टाचणी गंजून बसल्याने ती वेळ बदलता येत नाही. ज्वालामुखीची स्थिती नाजूक आहे, कारण २०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. ज्वालामुखी सजावट की साहित्य, हा प्रश्न आम्ही कायदेपंडितांवर सोपवतो.

चौथा थर वरच्या खणात. २२ जून २०१५ रोजी प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासननिर्णय निघाला, भिंती बोलक्या झाल्या, फरशीवर आकडे आणि अक्षरे उतरली, ज्ञानरचनावाद हा शब्द वाड्यापाड्यांवर पोहोचला आणि लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहू लागल्या. या थरात रिमोट (सेलशिवाय), सेल (चिघळलेले), निरनिराळ्या जातींच्या वायरी, आणि पोट फुगलेले दोन टॅब मिळाले. लिथियमची बॅटरी दीर्घकाळ तशीच पडून राहिली की पुष्कळदा फुगते. ही वैज्ञानिक माहिती आम्हांला प्रत्यक्ष अवलोकनातून मिळाली, आणि या कपाटाने कोणालाही काही शिकवले असल्याचा हा एकमेव पुरावा होय.

थरांचा काळ कसा ठरवला, अशी शंका पुरातत्त्ववाले घेतील. त्यांच्याकडे नाणी आणि खापरे असतात, आमच्याकडे नकाशे होते. कपाटाच्या माथ्यावर गुंडाळून ठेवलेल्या नकाशांतून काळ काढण्याची पद्धत आम्ही विकसित केली असून ती अत्यंत अचूक आहे. १ मे १९६०ला महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. १ मे १९८१ला सिंधुदुर्ग आणि जालना आले, पुढच्या वर्षी लातूर आणि गडचिरोली, १९९०ला मुंबई उपनगर, १९९८ला नंदुरबार आणि वाशिम, १९९९ला हिंगोली आणि गोंदिया, आणि २०१४ला पालघर होऊन ३६चा आकडा पुरा झाला. नकाशात लातूर आहे पण वाशिम नाही, तर तो १९८२ ते १९९८मधला. देशाच्या नकाशात मध्य प्रदेश अजून छत्तीसगडला पोटात घेऊन बसला असेल तर तो नोव्हेंबर २०००च्या आधीचा. तेलंगण नसेल तर जून २०१४च्या आधीचा. जगाच्या नकाशात सोव्हिएत संघ गुलाबी रंगात आडवा पसरला असेल तर १९९१च्या आधीचा. एकच प्रमाण अविश्वसनीय ठरले. २००६ साली प्लूटोचे ग्रहपद गेले, पण नवग्रहांचे तक्ते छापणाऱ्यांपर्यंत ती बातमी पोहोचायला बराच काळ गेला. सूर्यमालेच्या तक्त्यावरून काळ ठरवू नये.

या पद्धतीने पाहता पालघर जिल्ह्यातल्या या शाळेत राज्याचा जो नकाशा आहे त्यात पालघर जिल्हाच नाही. चौथीतल्या एका मुलीने “आपण कुठं हाव?” असे विचारले तेव्हा बाईंनी ठाणे जिल्ह्यावर बोट ठेवून ते हळूच वर सरकवले आणि “इथं, पण हे आता वेगळं झालंय” असे सांगितले. मुलीला ते पटले. तिच्या चुलत्यांच्या घरीही तसेच झाले होते.

आता सिद्धान्ताकडे येऊ. शासनाच्या लेखी वस्तू झिजते ती वापराने. म्हणून वस्तू न वापरता ठेवली तर ती जशीच्या तशी राहील असे गृहीत धरलेले असते, आणि साऱ्या डेडस्टॉकशास्त्राची इमारत या एका गृहीतकावर उभी आहे. आमच्या उत्खननाने हे गृहीतक पार उडवून लावले आहे. झीज दोन प्रकारची असते : वापरझीज आणि अवापरझीज. विज्ञानपेटीतले पट्टीचुंबक घ्या. हे चुंबक जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी येतील असे ठेवायचे असतात आणि टोकांना मऊ लोखंडाच्या पट्ट्या लावायच्या असतात, नाहीतर त्यांची शक्ती कालांतराने उतरते. आमच्या पेटीतल्या पट्ट्या हरवल्या आहेत आणि दोन्ही चुंबक एकमेकांकडे पाठ करून आहेत. आता त्यांना टाचणी उचलायला सांगितली तर ते विचार करतात. लिटमस कागदांच्या निळ्या आणि तांबड्या गड्ड्यांत पूर्वी फरक होता, आता दमट हवेने दोन्हींचा एकच मळकट रंग झाला आहे. फुगे एकमेकांना चिकटले आहेत. यांपैकी एकाही वस्तूला मुलाचा हात लागलेला नाही. याउलट जिला गावभरच्या हातांनी बडवले ती ढोलकी धडधाकट आहे.

मग मुख्याध्यापक ही पेटी उघडत का नाहीत? लोक म्हणतात आळस. हे अज्ञान आहे. वापरझीज आणि अवापरझीज यांत कचेरीच्या दृष्टीने एक मूलभूत भेद आहे. पहिलीला आरोपी असतो. मुलाच्या हातून भिंग फुटले तर ते कोणाच्या तासाला फुटले हे सांगता येते, बदलीच्या वेळी चार्ज देताना ते यादीत कमी भरते, आणि त्याची वसुली अंगावर निघू शकते. भिंग तीस वर्षे कपाटात राहून त्याच्यावर बुरशी चढली तर नोंदवहीत ‘भिंग – १’ हे तसेच राहते आणि नव्या गुरुजींच्या सहीने ते पुढच्या तीस वर्षांकडे सुपूर्द होते. मोडलेली वस्तू रीतसर काढून टाकण्यासाठी निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो. आठ-दहा रुपयांच्या चुंबकासाठी तीन प्रतींत प्रस्ताव करण्यापेक्षा तो चुंबक न वापरणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, हे कोणीही कबूल करील.

चावीचे गतिशास्त्र याच अंगाने समजून घ्यावे लागते. शाळेच्या जुडग्यात अनेक चाव्या असतात : फाटकाची, वर्गाची, पोषण आहाराच्या खोलीची, कपाटाची. जुडगा एकच असूनही यांतल्या काही चाव्या सापडतात आणि एक सापडत नाही. मुख्याध्यापक मीटिंगला गेले की कपाटाची चावी त्यांच्या खिशात असते, आणि मीटिंगहून आले की ती घरी राहिलेली असते. पोषण आहाराच्या खोलीची चावी मात्र रोज अकराच्या सुमारास, मुख्याध्यापक कोठेही असोत, स्वयंपाकाच्या मावशींच्या हातात हजर असते. ही घटना आम्ही अनेक दिवस थक्क होऊन पाहत राहिलो. तिचा उलगडा शेवटी नोंदवह्यांत झाला, पण तिकडे वळण्याआधी कपाटाबाहेरच्या साहित्याची नोंद केली पाहिजे, कारण शिकवणे सगळे तिकडेच चाललेले होते.

कपाटाबाहेर, खिडकीच्या कठड्यावर, एका जुन्या डालड्याच्या डब्यात चिंचोके होते. शेजारी बाटल्यांची झाकणे, सागरगोटे, आणि झाडूच्या हिराच्या बोटभर काड्या. काही सुट्या, काही दहा-दहाच्या गठ्ठ्यांत रबर लावून बांधलेल्या. यांची नोंद कोणत्याही रजिस्टरला नाही. दुसरीतल्या एका मुलीला बाईंनी बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितले. तिने पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात मांडल्या. दोन गठ्ठे उचलून बाजूला केले, ते जमले. मग सात सुट्या हव्यात, आहेत दोन. तिने बाईंकडे पाहिले, बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. तिने शेजारणीच्या काड्यांकडे पाहिले, शेजारणीने हात आडवा केला. मग तिने एक गठ्ठा उचलला, रबर दातांनी ओढून मनगटात अडकवला आणि गठ्ठा सोडला. दहा काड्या सुटल्या, त्यांतली एक सतरंजीखाली गेली. ती तिने शोधून काढली, कारण तिच्याशिवाय उत्तर चोवीस येत होते आणि चोवीस येणार नाही हे तिला कुठून तरी माहीत होते.

कपाटातल्या गणितपेटीत याच कामासाठी प्लॅस्टिकचा दशक दांडा आहे. झोल्तान दीनेश या हंगेरियन गणितज्ञाने प्रसिद्ध केलेल्या ठोकळ्यांच्या कुळातली ही वस्तू आहे, आणि तिची बदनामी करण्याचा आमचा हेतू नाही. पण दांडा सुटत नाही. तो देऊन दहा सुटे घ्यावे लागतात, म्हणजे वाण्याकडून मोड आणावी लागते. गठ्ठा असतो तिथेच सुटतो. ‘हातचा’ कुठून येतो हे ज्याने गठ्ठा सोडला त्याला पुन्हा सांगावे लागत नाही. तिसरा पर्याय पडद्यावरचा. त्यात गठ्ठ्यावर बोट टेकले की तो ‘टिंग’ असा आवाज करून आपोआप सुटतो आणि काड्या रांगेत उभ्या राहतात. त्यात सतरंजी नसल्यामुळे काडी सतरंजीखाली जाण्याची सोय नाही.

हाताशी असेल त्यातून शिकवण्याची ही विचारसरणी आमची नव्हे. तिचे मूळ याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसोरीबाईंची साधने देखणी होती, पण महाग होती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी त्या साधनांमागचे तत्त्व ठेवले आणि पदार्थ बदलला. शिंपले, दगडगोटे, बिया, पाने, माती, म्हणजे वारली मुलांच्या दारात पडलेले जे जे होते ते साहित्य झाले. मुले शाळेत येईनात तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. कुरणशाळेत कपाट नव्हते, हा मुद्दा शिक्षणाच्या इतिहासकारांनी पुरेसा अधोरेखित केलेला नाही. पुढे मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. त्यात पडलेल्या कानपूर आयआयटीच्या अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने जोडून त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती करून दाखवल्या. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन कलंडतो. पूल आणि छपरे त्रिकोणांनी का बांधतात ते तिथेच कळते. ते पुढे पुण्याच्या आयुकात मुक्तांगण विज्ञान शोधिकेत खेळणी करत राहिले, त्यांना २०१८ साली पद्मश्रीही मिळाली. पण व्हॉल्व्हची नळी डेडस्टॉकला कोणत्या सदराखाली चढवायची, हा प्रश्न अजून निकालात निघालेला नाही.

तंत्रज्ञानाच्या बाबतीतही हाच नियम दिसतो. वर्गातल्या भिंतीवर लोकवर्गणीचा मोठा टीव्ही आहे. त्यावर भरतकामाचा रुमाल आहे आणि खाली दात्यांची नावे रंगवलेली आहेत. ही नावे शेजारच्या पाढ्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत असल्याने पहिलीतली मुले आधी तीच वाचायला शिकतात, हा एक अनपेक्षित शैक्षणिक लाभ. टीव्ही चालायचा तर वीज लागते, विजेचे बिल भरायचे तर अनुदान लागते, आणि अनुदान मार्चमध्ये आले तर जोडणी त्याआधीच तोडलेली असते. दरम्यान बाईंच्या पर्समधला त्यांचा स्वतःचा मोबाइल रोज चालतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या ज्या कामाचा बोलबाला झाला, ते म्हणजे पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड. आमच्या शास्त्रात त्या कामाचे महत्त्व वेगळेच आहे. क्यूआर कोड पुस्तकाच्या पानावर छापलेला असतो, पुस्तक मुलाच्या दप्तरात असते, आणि त्या काळ्या चौकटीला कुलूप लावता येत नाही. दहा लाख डॉलरांच्या बक्षिसातली निम्मी रक्कम गुरुजींनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. ज्याला कपाटात ठेवायची सवय नसते त्याचे असेच होते. बाई मोबाइल बाकावर टेकवून मुलांना फुलपाखराची अवस्थांतरे दाखवतात. रेंज फक्त दाराजवळ येते म्हणून साऱ्या शाळेचे विज्ञान उंबऱ्यावर होते.

आता नोंदवह्या. शाळेत मालाच्या नोंदी दोन जातींच्या वह्यांत होतात. एक डेडस्टॉक, ज्यात वस्तू येते आणि राहते. दुसरी उपभोग्य वस्तूंची, ज्यात वस्तू येते आणि संपते. खडू दुसरीत आहे. खडूची अख्खी पेटी शिल्लक राहिली तर साहेब विचारतात, “शिकवलं नाही का काही?” म्हणून खडू झिजतो, आणि देशातल्या प्रत्येक वर्गात खात्रीने वापरले जाणारे साहित्य तेवढे एकच आहे. तांदळाचेही तसेच. आज पट किती, हजर किती, तांदूळ किती शिजला हे रोज लिहावे लागते, आणि न शिजलेल्या तांदळाचा खुलासा द्यावा लागतो. म्हणून ती चावी अकरा वाजता सापडते. पृथ्वी, चुंबक आणि भिंग पहिल्या वहीत आहेत. तिथे न वापरलेल्या वस्तूचा खुलासा कोणी मागत नाही, वापरलेल्याचा मागतात. अध्यापनशास्त्रावर आजवर रचल्या गेलेल्या ग्रंथराशीत वर्तनवाद, रचनावाद, बालकेंद्रितता यांचा खल झाला. गुरुजींचा हात कुठे जाईल हे ठरवते ती वही, आणि तिचे नाव त्या ग्रंथांच्या सूचीत आम्हांला आढळले नाही.

या निष्कर्षावरून आम्ही एक साधा प्रस्ताव केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत मांडला : पृथ्वीगोल, चुंबक, भिंग आणि दशक दांडे डेडस्टॉकमधून काढून उपभोग्य वस्तूंत टाकावेत, आणि ते झिजले नाहीत तर विचारणा व्हावी. प्रस्तावाला अनुमोदन मिळाले. एका ज्येष्ठ गुरुजींनी “मग पुढच्या वर्षी नवीन पृथ्वी मागता येईल का?” असे विचारले आणि सभागृहात आशेची लाट पसरली. केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण नमुना लागेल. नमुना तांदळाच्या वहीवरून तयार झाला आणि प्रायोगिक तत्त्वावर आमच्याच शाळेत चालू झाला. बाईंनी कपाट उघडून पृथ्वी पिशवीतून काढली, कमान दगडाने ठोकून साडेतेवीस अंशांच्या आसपास आणली, केनियाला चिकटपट्टी लावली आणि चौथीच्या मुलांच्या हातात दिली. संध्याकाळी रकाने भरले : आरंभीची शिल्लक – १. आजचा वापर – १. अखेरची शिल्लक – १.

लेखापरीक्षणाच्या वेळी या ओळीवर लाल खूण झाली. एकातून एक वापर गेला असता शिल्लक शून्य हवी, ती एक कशी, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा, असे म्हटले होते. मुख्याध्यापकांनी खुलासा पाठवला की, पृथ्वी वापरून झाल्यावर परत कपाटात ठेवण्यात आली आहे. त्यावर वरून शेरा आला : परत ठेवली असल्यास तो वापर धरू नये.